महापौर साहेब, या खेपाही मोजा

माननीय महापौर, इंदूर यांस,
सादर नमस्कार.

मागच्या रविवारी संध्याकाळी सहा ते आठ मी रामबागेतल्या आमच्या गॅलरीत वही घेऊन बसले होते. इमारतीत सोळा बिऱ्हाडं. दोन तासांत फाटकाशी मोबाइलवरून मागवलेलं सामान घरपोच देणाऱ्या डिलिव्हरीच्या चौदा गाड्या आल्या, त्यांतल्या अकरा पेट्रोलच्या. एक मुलगा दुसऱ्या मजल्यावर कोथिंबिरीची एक जुडी देऊन गेला. घाई इतकी, की खाली गाडी चालूच होती.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दुकान दोन किलोमीटरवर धरा, जाऊन-येऊन चार. गाडीचं ॲव्हरेज पन्नासचं मानलं तरी त्या खेपेला 180 ग्रॅम झाले. जुडी शंभर ग्रॅमचीही नसेल.

मोबाइलवर माझा राग नाही. आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला रिक्षा करून बँकेत जावं लागायचं. आता फोनला चेहरा दाखवला की घरीच काम होतं. विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, कशालाच बाहेर पडावं लागत नाही. या खेपा खरोखर वाचल्या. पण तिथे वाचलेलं पेट्रोल काही मिनिटांत सामान पोचवायच्या घाईत जळून जात असेल तर? हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

आपण इंदूरकर कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो. नर्मदेचं पाणी इथवर चढवायला प्रचंड वीज लागते, म्हणून 2023 मध्ये महापालिकेने जलूदच्या सौर प्रकल्पासाठी 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. आणि रोज सकाळी कचऱ्याची एकच गाडी गल्लीत येते, सगळ्या घरांचा कचरा घेऊन जाते. घराघराला वेगळी गाडी पाठवायचं कुणाच्या मनातही येत नाही. सामान आणताना मात्र आपण नेमकं तेच करतो आहोत.

साहेब, या झटपट डिलिव्हरीसाठी शहरात गोदामं थाटणाऱ्या कंपन्यांकडून दर महिन्याला खेपांचा आणि किलोमीटरचा हिशेब मागा, आणि तो लोकांसमोर ठेवा. नव्या गोदामांना इलेक्ट्रिक गाड्यांची अट घाला, पण त्या गाड्यांचा बोजा डिलिव्हरीच्या पोरांवर पडू देऊ नका. नुसत्या इलेक्ट्रिकनेही भागणार नाही. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणून एका इमारतीचं सामान एका खेपेत यावं, आणि जो थांबायला तयार आहे त्याला पैशांत सूट मिळावी. आमच्या इमारतीत मी विचारलं. दूध आणि औषधं सोडली तर संध्याकाळी सातला सगळं एकदम आलं तरी कुणाचं अडत नाही.

फोनमागची डेटा सेंटरं, म्हणजे माहिती साठवणाऱ्या संगणकांची केंद्रं, तीही वीज खातात, 2024 मध्ये जगातल्या एकूण विजेच्या सुमारे दीड टक्का. उद्या आपल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर अशी केंद्रं उभी राहणार असतील, तर वीज कुठली आणि पाणी कुठलं, हे परवानगीआधी विचारावं.

पुढचा महिनाभर मी रोज संध्याकाळी नोंद ठेवणार आहे. ती वही घेऊन आपल्याला भेटायचं आहे. कृपया वेळ द्यावी.

आपली नम्र,
रामबागेतली एक रहिवासी