आप्पा, त्या वॉशरबद्दल

तीर्थस्वरूप आप्पा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवील आणि तुम्ही मध्येच "ऱ्हाऊ दे रे" म्हणाल. ऱ्हाऊ देऊ नका, पुरतं ऐका.

आमची मार्क थ्री अँबेसेडर वडिलांनी १९७८ साली घेतली. गेल्या दिवाळीपासून ती स्लो धरेना, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडला की बंद पडायची. चोक ओढला की चालायची, सोडला की फुस्स. कन्नड घाटात तर कार्बोरेटरमधून फटाके उडाले आणि मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या. चाळीसगावात एकानं कार्बोरेटरचं किट बदललं, दुसऱ्यानं प्लग, पॉइंट, कंडेन्सर. शेवटी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या ओतीव नळीला, कार्बोरेटरच्या बुडाशी चीर सापडली. उत्तरपाड्याचा अँबेसेडरचा कारखाना २०१४ लाच बंद पडलेला, नवा कुठून आणणार? मालेगावला भंगारात एक मिळाला, नव्या गॅस्केटवर बसवला, वर शेलॅक, म्हणजे जोड बुजवायचा चिकट लेप, थापलं. दोन दिवस बरी चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तशीच रखडत गाडी धुळ्याला, तुमच्या पारोळा रोडच्या गॅरेजात आणली. तुम्ही कार्बोरेटरला हातसुद्धा लावला नाही. चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. पहिले दोन पांढरेफटक, मागचे दोन चॉकलेटी. या इंजिनात एका इनटेक पोर्टवर, म्हणजे आत जायच्या एका तोंडावर, दोन सिलिंडर पोसतात, म्हणजे पुढच्या पोर्टला हवा घुसतेय, एवढं तुम्हाला तिथंच कळलं. मग इंजिन चालू करून ऑइलच्या कुपीनं पुढच्या जोडावर चार थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं, इंजिन क्षणभर सुतासारखं चाललं आणि सायलेन्सरमधून निळा धूर आला. "हाऊ हवा खाई ऱ्हायना!"

मॅनिफोल्ड उतरवला. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून तुम्ही तो उलटा घासून पाहिला, तर तोंड सपाट! मी म्हटलं, संपलं. तुम्ही मात्र इनटेक आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड) शेजारी शेजारी काचेवर ठेवले आणि वॉशर टेकतात त्या कानांवर नख फिरवलं. ती पायरी मला डोळ्यांनी दिसलीसुद्धा नव्हती, नखाला लागली. या इंजिनात दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर, आणि मधले जाड वॉशर दोघांनाही मिळून दाबतात. भंगारातल्या इनटेकचा कान एक्झॉस्टच्या कानापेक्षा पोस्टकार्डाच्या जाडीएवढा पातळ होता. "नट एक्झॉस्टले दाबी ऱ्हायना, इनटेकले कोन्ही इचारत नही." मी पाना ताणून ताणून आवळत होतो तो सगळा जोर एक्झॉस्टवरच जात होता.

मग तुम्ही पाऊण तास कानस घेऊन बसलात. प्रत्येक वॉशरची एक्झॉस्टकडची अर्धी बाजू घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. बाहेर भर उन्हाळ्यातलं धुळ्याचं ऊन, पंखाही गरम हवा फेकणारा. मी बाजारातून पातळ वॉशर आणतो म्हटलं, तर तुम्ही नुसतं चष्म्यावरून पाहिलंत. पातळ वॉशर वाकला असता, हे घरी परतताना वाटेत माझ्या डोक्यात शिरलं. नट आवळतानाही आधी मधले, मग कडेचे, थोडे थोडे. इंजिन तापवून थंड झालं की पुन्हा एक हात. शेलॅक शून्य.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ताईला आणायला संभाजीनगरला गेलो. कन्नड घाट एका दमात चढली. वर थांबून बॉनेट उघडलं, कारण नसताना. स्लोवर हलकेच घुमत होती. परतताना ताई म्हणाली, "दादांच्या वेळी अशीच वाजायची." वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

तुम्ही गॅस्केटचे पैसे तेवढे घेतलेत. कानस धरणाऱ्या हाताचा हिशोब मी पुन्हा काढला, तर तुम्ही चहा मागवलात. म्हणून हे उघड पत्र: आप्पा, मनापासून आभार.

पाचशे किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायचे म्हणाला होतात. कालपर्यंत चारशे साठ झाले. मी पान्याला हात लावलेला नाही. शनिवारी येतो, आईनं सांजोऱ्या बांधून ठेवल्या आहेत.

तुमचा,
चाळीसगावचा अँबेसेडरवाला