प्रवचन लोकांच्या भाषेत हवं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी मित्रासोबत चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे ख्रिस्ती उपासनेला, गेलो होतो, फादरांचं प्रवचन जेमतेम दहा मिनिटांचं, पण ऊस, पाणी, घरातली भांडणं सगळं आलं त्यात आणि मागच्या बाकावरच्या आजीसुद्धा मान डोलवत होत्या. लोकांच्या भाषेत बोलायचं हे काय आजचं नाही, 813 साली फ्रान्समधल्या तूरच्या धर्मसभेनं बिशपांना सांगितलेलं की प्रवचन लोकांना कळेल अशा बोलीत करा, कारण लॅटिन कुणाला कळेनासं झालेलं. आणि आपल्याकडं तर फादर स्टीफन्स, माणूस इंग्रज पण 1616 ला ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओव्यांत! आपलं कीर्तन ऐकलेल्या कानाला ओवीच लागते हे त्यांनी ओळखलं, मला हे फार मोठं वाटतं. पुढं 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मोठ्या धर्मसभेनंतर, मिस्सासुद्धा मराठीत आली, आणि पोप फ्रान्सिसनी 2024 मध्ये प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको असं स्पष्टच सांगितलं.

माझी कळकळीची विनंती आहे, कोल्हापुरातल्या फादरांनी ख्रिस्तपुराणातल्या त्या ओव्या परत वेदीवरून म्हणाव्यात, चालीत म्हणाव्यात, आमच्यासारखे कीर्तनवाले पण येऊन बसू.

आपला एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर