क्रिओल म्हणजे मोडकीतोडकी फ्रेंच नव्हे

संपादक महोदय,

क्रिओल भाषांना, म्हणजे फ्रेंच आणि आफ्रिकी भाषांच्या मिसळीतून घडलेल्या भाषांना, लोक सर्रास 'बिघडलेली फ्रेंच' म्हणतात ना, ते वाचलं की खरंच वाईट वाटतं. कॅरिबियनमधल्या हैती देशाची क्रिओलच बघा, म्वें मांजे, ऊ मांजे, ली मांजे म्हणजे मी खाल्लं, तू खाल्लंस, त्याने खाल्लं, क्रियापद जागचं हलत नाही, आणि 'मी खातोय' म्हणायचं तर मधे फक्त 'आप' येतं, म्वें आप मांजे, झालं! हे पक्कं व्याकरण आहे, आणि १९८७ च्या राज्यघटनेने तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केलंय. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात मात्र १९२१ च्या घटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवली, तिथली क्रिओल आज जेमतेम टिकून आहे, फार हळहळ वाटते.

तिथला गंबो हा दाट रस्सा पण तसाच, अनेकांच्या मिसळीतून झालेला. नाव आफ्रिकेतल्या भेंडीच्या शब्दावरून, घट्टपणासाठी ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड तिथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांची, रू फ्रेंचांचा. तो रू म्हणजे मैदा तेलात मंद आचेवर ढवळत राहायचा, पार चॉकलेटी होईपर्यंत, जरा हात थांबला आणि करपला की टाकून पुन्हा पहिल्यापासून. एवढी निगुतीने केलेली गोष्ट, तिला भेसळ कसं म्हणता येईल? तुमच्या पेपरात या भाषांवर एक सविस्तर लेख यावा ही मनापासून विनंती.

एक वाचक