वाइमेआची स्पर्धा

होनोलुलू, ओआहू
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

एडी ऐकाऊ यांच्या नावाची सर्फिंगची, म्हणजे फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत जाण्याची, स्पर्धा २२ डिसेंबरला झाल्याचे मी फोनवर सांगितले, तेव्हा ती दरवर्षी का होत नाही, असे तुम्ही विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे समुद्र पावसाळ्यात खवळतो. येथे हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तो हिवाळ्यात खवळतो, कारण त्या महिन्यांत उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांत उठलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून या किनाऱ्यावर आदळतात. लाटा फारच मोठ्या झाल्या की बहुतेक जागी त्या सरसकट फुटतात आणि सर्फिंग अशक्य होते. स्पर्धा भरते त्या वाइमेआच्या छोट्या आखातात मात्र प्रचंड लाटही ठरावीक जागी फुटते. तरीही लाटेची समोरची उंची सुमारे ४० फूट भरेल, असा दिवस उजाडल्याशिवाय स्पर्धा घेत नाहीत. निमंत्रित सर्फरनी हाताने पाणी कापत लाट पकडायची, यंत्राने ओढून घ्यायचे नाही, आणि सारे एका दिवसात संपवायचे. जानेवारी १९९८ मध्ये लाटा इतक्या मोठ्या आल्या की आखातच सर्फिंगला बंद करावे लागले आणि स्पर्धा रद्द झाली. उलट १० फेब्रुवारी २०१६ रोजी सर्व जमले असताना लाटा कमी पडल्या, म्हणून ती पुढे ढकलली आणि २५ तारखेला घेतली. जाहिरातींचे फलक लागलेले असताना असा नकार देणारे आयोजक मला तरी दुसऱ्या कोणत्या खेळात दिसलेले नाहीत.

एडी मूळचे माऊई बेटावरचे. १९६८ पासून ते उत्तर किनाऱ्यावर जीवरक्षक होते आणि त्यांनी शेकडो जणांना पाण्याबाहेर काढले. १९७७ मध्ये त्यांनी हवाईचे नामवंत सर्फर ड्यूक कहानामोकू यांच्या नावाची स्पर्धाही जिंकली होती. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १९७८ रोजी, प्राचीन पॉलिनेशियन पद्धतीने बांधलेली ‘होकुलेआ’ ही जोडनौका ताहितीला निघाली, तिच्या खलाशांत ते होते. त्याच रात्री मोलोकाई बेटालगतच्या सामुद्रधुनीत नौका उलटली. सारे जण उलट्या नौकेला धरून असताना, दुसऱ्या दिवशी एडी मदत आणण्यासाठी आपल्या फळीवरून लानाई बेटाच्या दिशेने निघाले. बाकीचे खलाशी पुढे वाचले. एकतीस वर्षांचे एडी कधीच सापडले नाहीत.

त्यांच्या स्मरणार्थ पहिली स्पर्धा १९८४-८५ च्या हंगामात सनसेट बीचवर झाली. १९८६ मध्ये ती वाइमेआला आली. त्या दिवशीच्या लाटा पाहून आयोजक बिचकले, तेव्हा मार्क फू हे सर्फर म्हणाले, “एडी गेला असता,” म्हणजे एडी या लाटांवरही उतरला असता, असे येथे सांगतात. ते वाक्य आज गाड्यांच्या मागेही चिकटवलेले दिसते. ती स्पर्धा एडींचे धाकटे बंधू क्लाइड यांनीच जिंकली. त्यानंतर १९९०, १९९९, २००१, २००२, २००४, २००९, २०१६ आणि २०२३ अशी ती होत गेली. मधले मोठे खंड बहुतांशी समुद्राने पाडले, पण एकदा प्रायोजकांशी असलेला संबंध तुटल्यानेही अडचण आली.

मला सर्वांत आवडते ती २०२३ ची हकिगत. त्या वर्षी प्रथमच स्त्रियाही उतरल्या. जिंकले ल्यूक शेपर्डसन, जे त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून कामावर होते. आपली फेरी संपली की ते पुन्हा कामावर रुजू होत. जीवरक्षकाच्या स्मृतीसाठी भरणाऱ्या स्पर्धेला याहून योग्य विजेता मिळणे कठीण. या वेळी लँडन मॅकनमारा जिंकले.

पुढची कधी, हे मात्र विचारू नका. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत समुद्राची वाट पाहायची, एवढेच येथे ठरलेले असते. आईस साष्टांग नमस्कार, छोटीस आशीर्वाद.

आपला,
निखिल