रबाळ्याच्या वेल्डर काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘चल, चहा घे’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र लिहितोय. ताईला वाचून दाखवायला सांगा.

माझी फियाट लिनिया टी-जेट गाडी तुमच्या चांगली ओळखीची. 1368 सीसी, 114 पीएस, टर्बो पेट्रोल, रांजणगावात बनलेली. ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत तिचा मूळ सायलेन्सर मागून पार कुजला होता आणि नवा कुठे मिळेना. मग ठरवलं, कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सगळा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, स्वतःच बनवायचा. 304 स्टेनलेसचा अडीच इंची पाइप आणला, तयार बेंड आणले, टिगचं (आर्गन वायूच्या आडोशात वेल्डिंग करणारं) मशीन भाड्याने घेतलं आणि सात जॉइंट मारून ते धूड तुमच्या गाळ्यावर दाखवायला घेऊन आलो.

जॉइंट बाहेरून देखणे झाले होते. सोनेरी, जांभळे, एकसारखे टाके. तुम्ही तिकडे पाहिलंही नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावून पाइपच्या आत डोकावलात आणि माझं बोट धरून आत घातलंत. आत काळं, दाणेदार, करपलेल्या गुळासारखं काहीतरी लागलं. “आतून हवा लागली. तडा इथूनच जाणार,” एवढंच म्हणालात आणि ग्राइंडर उचललात. सातही जॉइंट कापले.

काका, त्या दिवशी मला तुमचा खूप राग आला होता. आज ते मोकळेपणाने सांगतो.

पुढचे दोन रविवार तुम्ही मला शेजारी बसवून शिकवलंत. पाइपची दोन्ही तोंडं फॉइल टेपने बंद करायची, एकीकडून आर्गनची नळी, दुसरीकडे टाचणीएवढं भोक. आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं आणि मगच आर्क पेटवायचा. मी घाई केली की तुम्ही माझा हात धरून ठेवायचात. पहिला जॉइंट झाल्यावर टॉर्च मारला तर आतली बाजू चांदीसारखी. तसा आनंद मला गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

टर्बोचं गणितही तुमच्याकडेच सुटलं. ‘मागे थोडं प्रेशर हवंच, नाहीतर गाडी ओढत नाही,’ असं मला दोन ठिकाणी सांगितलं होतं. तुम्ही मूळचे औरंगाबादचे, म्हणून पाणचक्कीचा दाखला दिलात. चक्कीखालचं पाणी तुंबलं तर चक्की जोरात फिरेल का? टर्बोत धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बाइनचंही तसंच. आधीच्या आणि नंतरच्या दाबात जितका फरक, तितकी ती लवकर फिरते. कंपनीचा पाइप वळणावर दाबून वाकवलेला असतो, तिथे तो चिमटतो आणि गॅस अडतो.

स्टेनलेस तापलं की किती वाढतं, हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं. दोन मीटरचा पाइप 300 अंशांनी तापला तर साधारण 10 मिलिमीटर लांबतो. मी टोक बंपरला चिकटवून बसवणार होतो. तुम्ही मागे अंगठ्याएवढी जागा सोडायला लावलीत, सगळं वजन रबरी हँगरवर घेतलंत आणि पुढे फ्लेक्स (लवचिक जाळीदार तुकडा) टाकलात, म्हणजे इंजिन हललं तरी त्याचा झटका जॉइंटवर येणार नाही.

आणि कॅट. ‘तो काढून टाक, गाडी पळेल,’ असं सांगणारे वाटेत खूप भेटले. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे नियम मोडले तर 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, तेही मला ठाऊक होतं. तरी मोह होता. तुम्ही म्हणालात, “ती हवा माझ्याच गाळ्यासमोरून जाते.” कॅट जागेवरच राहिला.

शेवटी तो घुमणारा आवाज. 2400 आरपीएमला केबिनमध्ये कानठळ्या बसायच्या, आईने गाडीत बसायचं सोडलं होतं. तुम्ही जमिनीवर खडूने मांडलंत: चार सिलेंडर, एका फेरीत दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला 80. त्या आवाजाला उलटा फिरवून मारायला सुमारे 1.4 मीटरची, एका टोकाला बंद असलेली नळी बाजूला जोडायची. गाडीखाली तिला जागा शोधण्यात आपला अख्खा दिवस गेला. आता आई गाडीत झोपते.

पीयूसी पहिल्याच फटक्यात निघाली. गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवलेली नाही, त्यामुळे किती पीएस वाढले ते सांगत नाही. पण ऐरोली पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती आधीपेक्षा लवकर उचलते, ते पायाला कळतं. सोसायटीत रात्री अकराला आलो तरी वॉचमनशिवाय कोणाला पत्ता लागत नाही.

मजुरी विचारली तेव्हा तुम्ही फक्त आर्गनचे पैसे घेतलेत. तुमच्या दोन रविवारांचं मोल माझ्याकडून फिटणार नाही, काका. मनापासून आभार.

पहिल्या कापलेल्या जॉइंटचा एक तुकडा मी ठेवलाय. परवा सोसायटीतला एक मुलगा बाइकचा पाइप घेऊन आला होता, तेव्हा त्याचंही बोट त्यात घालायला लावलं. त्याला घेऊन येत्या रविवारी येतो. फॉइल टेपही आणतो, तुमची संपत आली होती.

तुमचा,
ऐरोलीचा लिनियावाला