होंडा सिटीच्या ऑइल चेंबरला ड्रेन व्हॉल्व्ह: मित्रास पत्र

नाशिक,
२ जून

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

ऑइल बदलताना दरवेळी चेंबरचा बोल्ट खोलण्यापेक्षा तिथे कायमचा ड्रेन व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइल सोडायची तोटी, बसवावी का, असं तू विचारलंस. दुसऱ्या कुणा सिटीवाल्याने विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, त्या पैशांत चांगला टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) घे. तुझ्या गाडीला मात्र व्हॉल्व्ह बसव, कारण तुझ्या चेंबरचे आटे एकदा गेलेत आणि दुरुस्तीसाठी आत हेलिकॉइल, म्हणजे आट्यांसारखी तारेची गुंडाळी, बसवलेली आहे.

आटे का जातात ते आधी बघ. चेंबर ॲल्युमिनियमचा, बोल्ट स्टीलचा: एम १४ (व्यास १४ मिलिमीटर), पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.५, डोकं १७ चं. त्याला ३९-४० न्यूटन मीटर एवढाच टॉर्क लागतो. त्यापुढे जोर लावला की बोल्टला काही होत नाही, चेंबरचे आटे सोलून निघतात. कुणी एअर गनने आवळलं, कुणी वॉशर न बदलता गळती थांबेना म्हणून आणखी आवळलं, किंवा पहिले दोन आटे हाताने न फिरवता वाकडाच बोल्ट पान्याने ढकलला, की काम बिघडलं. दर दहा हजार किलोमीटरला बोल्ट नुसता खोलल्याने आटे झिजत नाहीत. म्हणून ‘व्हॉल्व्हमुळे आटे वाचतात’ हे खरं असलं तरी धड आटे असलेल्या गाडीला त्याचा फायदा थोडाच. हेलिकॉइलचं तसं नाही. घाण अडकून बोल्ट घट्ट झाला की खोलताना कधी ती बोल्टाबरोबरच बाहेर येते. व्हॉल्व्ह एकदा बसला की तिला वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही.

पण गॅरेजवाल्याने नक्की काय बसवलंय ते आधी पक्कं कर. खरी हेलिकॉइल असेल तर माप एम १४ बाय १.५ हेच राहतं आणि व्हॉल्व्ह सरळ बसतो. भोक मोठं करून एम १६ चा बोल्ट घातला असेल, किंवा मोठ्या बोल्टाच्या पोटात छोटा बोल्ट असलेला जोड लावला असेल, तर नेहमीचा व्हॉल्व्ह बसणार नाही. पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायची पट्टी) लावून बघ, नाहीतर होंडाचा मूळ बोल्ट हाताने फिरवून बघ. तो शेवटपर्यंत मोकळा गेला पाहिजे. दुसरी गोष्ट, हेलिकॉइलच्या आट्यांतून ऑइल झिरपतंच. गळती अडते ती बाहेरच्या सपाट बैठकीवर, वॉशरखाली. ड्रिल करताना त्या बैठकीला ओरखडा किंवा कंगोरा राहिला असेल तर कितीही महाग व्हॉल्व्ह लाव, थेंब येत राहील. बोट फिरवून बघ. कंगोरा लागला तर बारीक पॉलिश कागद सपाट लाकडी गुटक्यावर ठेवून हलक्या हाताने घास. त्याआधी भोकात कापडाचा बोळा घाल, कीस आत जाता कामा नये.

आता व्हॉल्व्हबद्दल. सगळ्यांत जास्त चालतो तो जपानी फुमोटो. पितळी बॉडी, आत गोळा, बाहेर छोटी दांडी. दांडी आधी खाचेतून उचलायची आणि मग वळवायची, त्यामुळे ती आपोआप फिरत नाही. एम १४ बाय १.५ ला त्यांचा एफ १०६ नंबर आहे. पुढे एन असेल तर तोंडाला पाइप चढवायची नळी असते. पाइप थेट कॅनमध्ये सोडला की हात, फरशी, काही काळं होत नाही. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये काम करणाऱ्याला ही सोय मोठी. ऑइलची लॅबमध्ये तपासणी करायची तर मधल्या धारेचा नमुनाही बाटलीत नीट घेता येतो. जर्मनीच्या श्टालबूसचा प्रकार वेगळा आहे: दांडी नाही, स्प्रिंगचा झडप-बोल्ट आणि वरून टोपी. टोपी काढून पाइपचा तुकडा फिरवला की झडप दाबली जाऊन ऑइल वाहतं. तो बराच आखूड असतो.

तुझ्या रस्त्यांसाठी ही आखूड-लांब गोष्टच सगळ्यांत महत्त्वाची. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. चार माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी बसते. बोल्टाचं तोंड आडवं असेल आणि व्हॉल्व्ह चेंबरच्या तळाच्या वरच राहत असेल तर चिंता नाही. तोंड खाली असेल तर नळीवाला व्हॉल्व्ह अजिबात घेऊ नकोस. उंच गतिरोधकावर पितळी मान घासली किंवा दगड बसला तर ती मोडू शकते, आणि ऑइल थोड्याच वेळात रस्त्यावर जातं. ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही इंजिन चालू ठेवलं तर बेअरिंगं जातात. अशा वेळी आखूड प्रकारच घ्यावा, नाहीतर बोल्टच बरा.

दुसरा तोटा लोक फार वाढवून सांगतात, म्हणून हिशेबच मांडतो. बोल्टाच्या भोकाचा व्यास साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. व्हॉल्व्हची वाट त्याहून अरुंद, समज आठ. आडव्या तोंडाला त्या वाटेची खालची कड दोनेक मिलिमीटर वर येते. चेंबरचा तळ वीस बाय पंचवीस सेंटिमीटर धरला तर सुमारे शंभर मिलिलिटर ऑइल आत राहतं. साडेतीन लिटरच्या भरण्यात हे तीन टक्के. ऑइल गॅलरीत (इंजिनमधल्या ऑइलच्या वाटांत) आणि हेडमध्ये जुनं ऑइल एरवीही राहतंच, त्यामुळे एवढ्याने इंजिनचं नुकसान होत नाही. धार मात्र बारीक लागते, त्यामुळे इंजिन कोमट असतानाच सोड आणि घाई करू नकोस. काळजी करण्यासारखा आहे तो तळाशी बसणारा जड गाळाचा थर. ऑइल वेळेवर बदलत असशील तर तो जमत नाही. वेळ चुकवत असशील तर व्हॉल्व्हमुळे तो साचत जाईल.

बसवताना गाडी रॅम्पवर किंवा स्टँडवर घे, नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. ऑइल निथळल्यावर जुना ॲल्युमिनियमचा वॉशर चेंबरला चिकटलेला नाही ना बघ. त्याच्यावर दुसरा बसला की गळतंच. टेफ्लॉन टेप लावू नकोस, तिचे तुकडे सुटून ऑइल पंपाआधीच्या गाळणीच्या जाळीत अडकतात. व्हॉल्व्हसोबत आलेलं गॅस्केट पुरे. पूर्ण आवळण्याआधी दांडीसकट बॉडी गोल फिरते का, की चेंबरच्या फासळीला अडते, ते हाताने फिरवून बघ. अडत असेल तर मधला अडॅप्टर लागेल, आणि तेवढी लांबी वाढेल. पाना षटकोनावरच लाव, दांडी धरून कधीही फिरवू नकोस. पोकळ पितळाला बोल्टाचा ४० चा टॉर्क द्यायचा नाही. सोबतच्या कागदावरचा आकडाच पाळ. दांडीला प्लॅस्टिकची क्लिप मिळते, ती लाव.

ऑइल भरताना आधी तीन लिटर ओत, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद कर, पाच मिनिटांनी पट्टी बघून उरलेलं भर. कोरडं कापड षटकोनाभोवती फिरव. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कर.

एक लक्षात ठेव, व्हॉल्व्हने फिल्टर बदलणं सुटत नाही. तो खालूनच काढावा लागतो, म्हणजे गाडीखाली जाणं टळणार नाही. गाडी सर्व्हिसला दिलीस तर जॉब कार्डवर ‘ड्रेन व्हॉल्व्ह आहे, पाना लावू नये’ असं लिहून घे. माहीत नसलेला मुलगा सवयीने पाना लावेल आणि हेलिकॉइल हलवेल. पावसाळ्यात दांडी उचलण्याआधी चिखल ब्रशने काढ, नाहीतर खाच अर्धवट बसते.

निघालेलं ऑइल कॅनमध्ये बंद करून नोंदणीकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचव. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, गटारात सोडायचं नाही.

ऑर्डर देण्याआधी अंडरकव्हर काढून बोल्टाचा बाजूने फोटो पाठव, आणि बोल्टापासून जमिनीपर्यंतचं अंतर गाडी भरलेली असताना मोजून कळव. त्यावरून नळीचा घ्यायचा की आखूड, ते ठरवू. वहिनींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत