मा. पालकमंत्री साहेब, जेलबाहेर एक फलक लावा

मा. पालकमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी जुन्या ठाण्यातला, घर जांभळी नाक्याजवळ, म्हणजे सकाळी भाजीवाल्यांच्या आवाजाने जाग येणार, कोपिनेश्वराला हात जोडणार आणि संध्याकाळी तलावपाळीला एक चक्कर. बोलायचंय ते सेंट्रल जेलबद्दल.

आमच्या बिल्डिंगमधली पोरं रोज रिक्षातनं जेलवरून शाळेत जातात, त्यांना विचारलं हे काय आहे तर म्हणतात जेल, बस. साहेब, तो किल्ला आहे हो! पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकला, १७७४ ला इंग्रजांकडे गेला आणि जेल नंतर झालं.

याच किल्ल्यात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होते. पहाऱ्यावर गोरे, त्यांना मराठी कळत नव्हतं, आणि बाहेर एका इंग्रज साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार खरारा करता करता मराठीत गाणी म्हणायचा, त्यातच पळायचा निरोप होता असं सांगतात. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले. ही गोष्ट ऐकल्यावर पोरांनी मला तीनदा परत सांगायला लावली.

आणि १९ एप्रिल १९१०. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन, त्याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या तिघांना इथेच फाशी दिली. कान्हेरे १८ वर्षांचा होता, आज त्या वयाची मुलं बारावीच्या क्लासला जाताना याच रस्त्याने जातात आणि त्यांना पत्ताच नसतो, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

जेल हलवा वगैरे मी म्हणत नाही, आत सोडाही म्हणत नाही, सिक्युरिटीचं मला कळतं. पण बाहेरच्या फुटपाथवर, चालणाऱ्याला दिसेल असा फलक लावायला काय हरकत आहे? चौकाचौकात लायटिंगला, सेल्फी पॉइंटला पैसे निघतातच की. मजकूर मराठी ग्रंथ संग्रहालयातल्या जाणकारांना विचारून करा, १८९३ पासूनची संस्था आहे आपल्याच गावात. फक्त त्यावर नेत्यांचे फोटो नकोत, प्लीज. मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि त्या मोतद्दाराची गोष्ट त्यात पाहिजेच.

येत्या १९ एप्रिलच्या आधी झालं तर फार बरं होईल, तेवढं बघा साहेब.

आपला,
एक ठाणेकर